शर्ट तयार आहे, दादासाहेब

सन्माननीय दादासाहेब,
स. न. वि. वि.

आपला पांढरा लिननचा शर्ट तीन दिवसांपासून शिवून तयार आहे, आणि तीन दिवस मी तो खुंटीवरून काढतोय आणि परत खुंटीला लावतोय. निरोप द्यायला पोराला पाठवलं असतं, पण गोष्ट नाजूक आहे आणि आपल्या बैठकीत आठ-दहा माणसं कायम असतात. म्हणून उघड पत्र लिहितो. झाकायची गोष्ट चारचौघांत कशी मिरवावी, हे मी आपल्याकडूनच शिकलो.

अडचण उजव्या कमरेशी आहे.

माप देताना आपण म्हणालात, "मास्तर, इथं जरा फिट घ्या. वस्तू जाणवली पाहिजे." चाळीस वर्षं शर्ट बेततोय मी. पोट लपवायला गिऱ्हाईक येतं, पोक लपवायला येतं, नवरदेव तर नसलेली छाती दाखवायला येतो. पण कमरेला आलेला फुगवटा राहू द्या म्हणणारं गिऱ्हाईक अलीकडचं. आपण पहिले, आपलं बघून मागून सहाजण आले. आता मापाच्या वहीत छाती, बाही, कॉलर यांच्या पुढे मी 'उ. क.' असा नवा रकाना आखलाय. उजवी कंबर.

शेजारच्या वकीलसाहेबांचा काळा कोट काखेत उसवला होता. शिलाई घेतली नाही, त्याऐवजी शस्त्रांच्या कायद्याचं पुस्तक चार दिवस वाचायला मागून आणलं. त्यात 2016 च्या शस्त्र नियमांमधला 32 वा नियम सापडला. चारचौघांच्या जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये अंगाला लावलेलं असावं, नाहीतर तशाच पिशवीत असावं. पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं. लग्नात, मिरवणुकीत, सभेत ते परजायचं नाही, बार काढायचा नाही. पूर्ण झाकलेलं, दादासाहेब! दिल्लीहून शिंप्याच्या नावे निघालेला हा बहुधा एकमेव हुकूम, आणि तो मी पहिल्याच शर्टात मोडावा असं आपलं म्हणणं.

परवाना आपल्याला कसा मिळाला, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यात माझाही हात आहे. अर्ज म्हणे ऑनलाइन भरतात. पण त्याची चौकशी आमच्या दुकानाच्या पायरीपर्यंत पायीच आली. कलेक्टर कचेरीने एसपी साहेबांना विचारलं, साहेबांनी ठाण्याला विचारलं, ठाण्याने हवालदाराला पिटाळलं आणि हवालदाराने मला विचारलं, "दादासाहेबांची वागणूक कशी?" मी म्हटलं, "उधारी सोडली तर उत्तम." त्यांनी 'उत्तम' एवढंच लिहून घेतलं.

मग प्रश्न आला गरजेचा. कायदा 1959 चा आहे आणि तो हौसेला परवाना देत नाही. नेमबाज असाल, फौजेत असाल तर गोष्ट वेगळी. एरवी धंद्यामुळे किंवा दुसऱ्या कशामुळे जिवाला, मालमत्तेला राखण्याची खरी गरज दाखवावी लागते. त्या उन्हाळ्यात आपल्या गावात जिवाला धोका असण्याची साथच आली होती. ज्याला त्याला रात्री अनोळखी फोन. आपल्याला धमकी आली तेव्हा धमकी देणाऱ्याचं नाव कुणाला कळलं नाही, पण ती ऐकणारे साक्षीदार मात्र पाच निघाले. तरी पहिल्या खेपेला कलेक्टरसाहेबांनी नाही म्हटलं. आपण विभागीय आयुक्तांकडे अपिलात गेलात. त्या तारखेसाठी मीच सफारी शिवली होती, फुगवटा नसलेली. जिवाला धोका असलेला माणूस तिच्यात छान दिसत होता.

त्याच कायद्याच्या 14 व्या कलमात एक ओळ आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. मी ती दोनदा वाचली. म्हणजे माझ्यासारख्या भाड्याच्या गाळ्यातल्या माणसालाही कलेक्टरांनी केवळ गरीब म्हणून परत पाठवायचं नाही. गावात मात्र अर्जाला सातबारा न जोडणारा कुणी मला अजून भेटायचाय. वाळूचे ट्रॅक्टर अडवणाऱ्या तलाठ्याची पँट मी शिवतो. सावकाराविरुद्ध अर्ज देऊन आलेल्या एका बाईच्या पोरांचे गणवेश मीच शिवतो. या दोघांच्या जिवाला धोका आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. वहीत त्यांच्या पानावर 'उ. क.' चा रकाना कोरा आहे.

असो. शस्त्र कसं भरावं, कसं ठेवावं याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही आपण आणलात, आणि मग ते आलं : .32 चं 'अशनी', ईशापूरच्या सरकारी कारखान्यातलं. बैठकीत आपण त्याला 'नाइन एमएम' म्हणता. तेवढं जरा जपून. ते बोअर सामान्य नागरिकाला बंद आहे. वस्तू कायदेशीर आणि तिची फुशारकी बेकायदेशीर, असा प्रकार नको. आणि डाव्या कमरेचं जे आपण हसत हसत सुचवलंत, त्याबद्दल : 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे आपली एक जागा अजून रिकामी आहे खरी. पण वहीच्या पानावर आणखी एका रकान्याला जागा उरलेली नाही.

त्याच दुरुस्तीत आनंदाच्या भरात बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं आलंय. पुतण्याच्या हळदीला वरात नव्हती, तरी मांडवाच्या कापडाला एक भोक पडलं. ते ठिगळ मी लावलं. मंडपवाल्याला विचारलं तर म्हणाला, उंदीर. उंदीर बारा फुटांवर कसा चढला, हे विचारण्याचं माझं वय राहिलं नाही.

2024 च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर त्या एका जिल्ह्यातले हजाराहून जास्त परवाने चर्चेत आले, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, आणि कित्येक परवाने रद्द झाले. त्या महिन्यात आपण माझ्याकडे दोन ढगळे नेहरू शर्ट टाकलेत. "जरा लूजच ठेवा," म्हणालात. नियम 32 आपल्या गावात पाळला गेल्याचा तेवढाच एक काळ मी पाहिला. मार्चमध्ये ते दोन्ही शर्ट अल्टर करायला परत आले.

आता मूळ मुद्दा. निवडणुकीची आचारसंहिता लागली, छाननी समितीने परवान्यांच्या याद्या पाहिल्या आणि आपलं पिस्तूल निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दुकानात आलात. चेहरा उतरलेला. म्हणालात, "मास्तर, शर्ट लोंबतोय. प्रचाराला असा कसा जाऊ?" मी होल्स्टर मागितलं आणि माझ्या चष्म्याचं घर त्यात बसवलं. जुनं, पत्र्याचं, नेमकं तेवढंच. आरशात आपण स्वतःला डावीकडून पाहिलंत, उजवीकडून पाहिलंत आणि प्रसन्न झालात.

पुढचे काही आठवडे मी दुकानाच्या पायरीवरून बारकाईने बघत होतो. चौकातले नमस्कार तसेच. रिक्षावाला तसाच बाजूला व्हायचा. पतसंस्थेचा मॅनेजर तसाच उभा राहायचा. भाजीवाली तशीच पैसे नको म्हणायची. एका माणसालाही संशय आला नाही. पिस्तूल परत आलं त्या दिवशीसुद्धा कुणाला फरक कळला नाही, आपल्या कमरदुखीला सोडून.

म्हणून आपल्या शर्टाला उजवीकडे मी तीन बोटं लूज दिलंय आणि घेर दोन इंच खाली नेलाय. झाकायला तेवढं पुरे. पटत नसेल तर उसवून परत फिट करतो, पण मग आत पिस्तूल ठेवायचं नाही, माझं पत्र्याचं घर ठेवायचं. त्याला कलेक्टरांची सही लागत नाही, ते आचारसंहितेत जमा करावं लागत नाही आणि हळदीत मांडवाला भोक पाडत नाही.

सफारी, दोन नेहरू शर्ट, अल्टर आणि हा लिनन धरून बाकी 2,850 रुपये होते. ठिगळाचे धरलेले नाहीत. वसुलीला माझा पोरगा येईल. त्याच्या गळ्यात टेप असेल, कमरेला काही नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मास्तर

ता. क. : चष्म्याचं घर अजून आपल्याकडेच आहे. ते पोराबरोबर परत पाठवावं. चष्मा टेबलावर उघडा पडतो, काचेवर चरे आलेत, आणि हल्ली सुईत दोरा ओवायला मला शेजारच्या वकीलसाहेबांना हाक मारावी लागते.