घरगुती विलीनीकरण

पुण्यात माणसाची पत ओळखायच्या काही ठरलेल्या खुणा होत्या. पेठ कुठली, शाळा कुठली, सवाई गंधर्वला कुठल्या रांगेत बसता. मोबाइल आल्यावर त्यात आणखी एकीची भर पडली. नंबर ९८२२० ने सुरू होतो का? होत असेल तर हा गृहस्थ त्या काळातला, जेव्हा मोबाइलवर बोलायलाच काय, ऐकायलाही पैसे पडत. सुरुवातीच्या वर्षांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि समोरच्याने हौसेने फोन केला तरी मीटर आपलंही पळायचं. येणारे कॉल फुकट झाले ते मे २००३ मध्ये. तोवर आम्ही फोन वाजला की आधी बाहेर पळायचो, एसटीडी बूथ शोधायचो आणि तिथून विचारायचो, "काय म्हणत होतास?"

माझा नंबर ९८२२० चा आहे. हे मी कुणी न विचारताही सांगतो.

आमच्या हिचा ९८२३ चा. फरक एका आकड्याचा, पण त्यावरून आमच्या घरात वीस वर्षं दोन पक्ष नांदले. मी नंबर घेतला तेव्हा कंपनी बिर्ला आणि एटी अँड टी यांची होती. मग टाटाही त्यात आले आणि बिर्ला-टाटा-एटी अँड टी या त्रिकुटाला लोक लाडाने 'बटाटा' म्हणू लागले. नाव सरकारदरबारी काहीही असो, काही काळ मी मंडईत पाऊल न टाकता बटाट्याचं गिऱ्हाईक होतो. २००२ मध्ये त्याचं 'आयडिया' झालं, २००६ मध्ये टाटा बाहेर पडले. मी होतो तिथेच होतो. हिचं सिम आधी बीपीएलचं, मग हचचं, मग २००७ मध्ये व्होडाफोनचं. लग्नात हिचं आडनाव एकदाच बदललं, सिमचं दोनदा, आणि दोन्ही वेळा तिला कुणी काही विचारलं नाही. (ती म्हणते, "लग्नात तरी कुठे विचारलं होतं?" पण तो वेगळा विषय.)

मुलुंडचा माझा आतेभाऊ या बाबतीत सगळ्यांच्या वरचढ. त्याचा नंबर मुंबईचा, ९८२० चा. तो झोपेतून उठला की कंपनीचं नाव बदललेलं असे: मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन. नारिंगी रंग गेला, गुलाबी आला, गुलाबी गेला, लाल आला. त्याच्या घरी चारही नावांच्या छत्र्या आहेत. मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र ही दूरसंचार खात्याच्या लेखी दोन वेगळी राज्यं असल्यामुळे तेव्हा त्याच्याकडे जायचं म्हणजे परदेश प्रवास असे. घाट उतरलो की रोमिंग लागायचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी एवढा लढा झाला, पण मोबाइलवाल्यांपर्यंत ती बातमी पोचली नसावी.

आमच्या घरातली भांडणं मात्र जाहिरातींवरून होत. हिच्याकडे हचचं ते पग जातीचं कुत्रं आणि पुढे पांढरी झूझू मंडळी. माझ्याकडे अभिषेक बच्चन. सामना बरोबरीचा नव्हता, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. फुकट डेटा म्हटल्यावर आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा रात्रभर सिनेमे बघू लागला. बाकीच्या कंपन्यांची अवस्था बघवत नव्हती. काही बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. आणि २० मार्च २०१७ ला बातमी आली की व्होडाफोन आणि आयडिया एक होणार. म्हणजे आमचे दोन्ही पक्ष आम्हाला न विचारता युती करून मोकळे. हा प्रकार पुढे महाराष्ट्राने इतरत्रही पाहिला.

ही बातमी सगळ्यांत मनावर घेतली ती आमच्या आईने. तिच्या दृष्टीने दोन घराणी एक होताहेत म्हणजे ते लग्नच. तिने दाते पंचांग उघडलं. "वीस मार्च? फाल्गुन वद्य! अरे, आठ दिवसांनी पाडवा होता. साडेतीन मुहूर्तांतला एक दारात उभा असताना यांना दम निघाला नाही?" मी म्हटलं, हा नुसता साखरपुडा, लग्नाला वेळ आहे. ते पार पडलं ३१ ऑगस्ट २०१८ ला. आईने पुन्हा पंचांग काढलं. "श्रावण! चातुर्मासात कोण लग्न लावतं?" मी सांगितलं की कंपनी कायदा लवादाला चातुर्मास मान्य नाही. ती म्हणाली, "मग भोगतील."

"निदान आपल्या घरात तरी जे काही करायचं ते मुहूर्ताने करा" हा त्याच दिवशीचा तिचा आदेश. माझा जुना फोन अखेरच्या घटका मोजत होता. चार्जर लावला तरच जागा राहायचा आणि चार्जर काढला की मान टाकायचा. त्यामुळे १८ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, लोक लक्ष्मी रोडवर सोनं घेत असताना मी मोबाइलच्या दुकानात उभा होतो. गर्दी सराफाइतकीच. काउंटरवरचा मुलगा माझ्या चिरंजीवांपेक्षाही लहान. तो रॅम, मेगापिक्सेल असं काहीबाही बोलत होता आणि मी 'हे बसेल ना खिशात?' एवढंच विचारत होतो. शेवटी एक फोन पसंत पडला. प्रश्न उरला सिमचा. जुन्या फोनातलं सिम मोठं आणि नव्याला लागणारं नखाएवढं. मुलाने स्टेपलरसारखा एक कटर काढला आणि माझं सिम त्याच्या जबड्यात ठेवलं.

"अरे, थांब! तो ९८२२० चा नंबर आहे!"

"काका, नंबर नाही कापत, प्लास्टिक कापतोय."

कट्ट असा आवाज झाला. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्या दंडाला हात लावून धीर दिला.

घरी आल्यावर यंत्रपूजा. आईने मिक्सर, शिलाई मशीन, चिरंजीवांचा लॅपटॉप आणि माझा नवा फोन पाटावर मांडला, आपट्याची पानं ठेवली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. संध्याकाळी मी फोन उघडायला बोट ठेवलं तर तो मला ओळखेना. पुन्हा ठेवलं. पुन्हा नाही.

"आजी, तू सेन्सरवर कुंकू लावलंस!" चिरंजीव ओरडले.

"मग काय पाठीवर लावायचं?"

"पाठीवरच आहे तो!"

कापसाच्या बोळ्याने सेन्सर पुसला तेव्हा माझी ओळख पटली. खरा घोळ पुढेच होता. जुन्या फोनमधले नंबर नव्यात आणायचे होते आणि चिरंजीवांना त्यांच्या मित्राकडे सोनं द्यायला जायची घाई होती. त्यांनी विचारलं, "बाबा, तुमचं खातं कुठलं?" मला बँकेचं आठवलं, ते त्यांना नको होतं. "जाऊ दे, आईचं टाकतो. एकच ठेवा दोघांना, सोपं पडेल." पाच मिनिटांत सगळं आटोपून ते गेले आणि आमच्या घरात देशातलं दुसरं मोठं विलीनीकरण पार पडलं. माझे नंबर हिच्या फोनात गेले, हिचे माझ्या.

पहिले दोन तास आम्ही खूश होतो. केवढी ही माणसं जोडली आपण! मग यादी वाचायला घेतली.

मी नंबर साठवतो तो आडनाव आणि काम अशा पद्धतीने. ही सवय सिमवर जेमतेम अडीचशे नावं मावत, आणि तीही तोकडी करून, त्या काळातली. 'जोशी नळ', 'शिंदे गॅस', 'प्रकाश सातारा'. हिची पद्धत नात्याची आणि त्यापुढे शेऱ्याची. माझा 'जोशी नळ' तिच्याकडे 'नळवाला (येतो म्हणून येत नाही)' होता. माझा सख्खा चुलतभाऊ 'प्रकाश सातारा' हा 'प्रकाश भाऊजी (कुकर)' निघाला. आमचा कुकर त्याच्याकडे २०११ पासून आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या साहेबांचा नंबर 'यांचे साहेब (खोकला सांगणे)' असा होता. मी रजा घेतली की ही त्यांना फोन करून कुठलं कारण सांगते, याची ती नोंद. आता मला ऑफिसातून फोन आला की स्क्रीनवर तेच नाव झळकायचं आणि मी फोन उचलायच्या आधीच खोकायचो.

फोनलाही गोंधळ कळत होता. तो मधूनमधून दोन नावं शेजारी ठेवून विचारायचा की हे दोघे एकच आहेत का, एकत्र करू का? काही प्रश्न सोपे होते. पण 'आई' आणि 'आई' यांचं काय करायचं? एक माझी, एक हिची. फोनला फरक कळत नव्हता आणि तो कळावा अशी अपेक्षाही नव्हती, पण मलाही तो कळला नाही. दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून 'आई'ला फोन लावला आणि नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं, "काय गं, उतरला का तिचा राग, की अजून भांडी आपटतेय?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, "कोणाचा राग, जावईबापू?"

मी त्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

घरातला मोठा तंटा मात्र वेगळ्याच नावावरून झाला. हिच्या फोनात मी नुसता 'हे' होतो. ते वाचून मी सुखावलो होतो. एवढी माणसं, पण कंसात शेरा नसलेला मी एकटा. मग ही माझ्या बाजूची नावं वाचू लागली आणि थांबली.

"अहो, 'घर दोन' म्हणजे कोण?"

"तू."

"मग 'घर एक'?"

"लँडलाइन."

"म्हणजे बीएसएनएल माझ्या आधी."

मी तिला समजावलं की हे काळाच्या क्रमाने आहे, लँडलाइन आमच्याकडे लग्नाआधीपासून आहे. तेवढ्यावर दिवाळीपर्यंतचा अबोला झाला. 'हे' शेजारी कंसात काहीतरी आलं असावं असा माझा संशय आहे, पण तोवर चिरंजीवांनी दोन्ही खाती वेगळी करून दिली होती. वेगळी करताना अर्धे नंबर इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत असं झालं. जोशी नळ गेला. शिंदे गॅस गेला. 'प्रकाश भाऊजी (कुकर)' मात्र दोन्हीकडे राहिला.

तिकडे मोठ्या विलीनीकरणातही फार वेगळं घडलं नाही. एक झाले त्या दिवशी चाळीस कोटींहून अधिक ग्राहक होते, देशात पहिला नंबर. पुढे ग्राहक गळत गेले ते जवळपास निम्म्यावर आले. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारी थकबाकीचा निकाल दिला आणि त्या एका तिमाहीचा तोटा पन्नास हजार कोटींवर गेला. एवढी शून्यं माझ्या नव्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर आडवा धरूनच बसतात. मग थकबाकीच्या बदल्यात सरकारलाच शेअर्स द्यावे लागले आणि आता या घरात बिर्लांपेक्षा आणि व्होडाफोनपेक्षाही मोठा वाटा सरकारचा आहे. मुलाकडचे राहिले बाजूला, मुलीकडचे राहिले बाजूला, कार्यालयाचं भाडं मागायला आलेला माणूस घरचा कर्ता होऊन बसला.

नाव ठेवलं ते ७ सप्टेंबर २०२० ला: 'व्ही', म्हणजे इंग्रजीत 'आम्ही'. लॉकडाउनमुळे आई घरात बसून कंटाळलेली होती, तिने पंचांग आनंदाने उघडलं. मग तिचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा पेला पुढे केला.

"अरे, पितृपक्षात बारसं?"

यानंतर तिने त्या कंपनीबद्दल बोलणं सोडलं. तिच्या मते आता बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

आतेभावाने पाचव्या नावाची छत्री मिळाल्याचा फोटो पाठवला. हिने अजून ९८२३ ठेवलाय, मी ९८२२०. आता आमच्या दोघांच्या बिलावर एकच नाव असतं आणि जाहिरातींवरून भांडता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी बोलायला विषय शोधावे लागतात.

परवा फोनची काच तडकली म्हणून त्याच दुकानात गेलो. काउंटरवर दुसरा मुलगा होता. त्याने काम करता करता सहज विचारलं, "काका, पोर्ट करून टाका ना. १९०० वर एक मेसेज फक्त. नंबर तोच राहील."

"कोणाकडे जाऊ?"

त्याने एक नाव सांगितलं.

"त्यांचं पुढे कुणाशी ठरतंय का?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि मला दोनशे रुपयांची टेम्पर्ड ग्लास विकली.