जर्नल कंप्लीट आहे, सर!

दरवर्षी १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनाला, एखादा उद्योगपती व्यासपीठावरून ठणकावून सांगतो की आपले इंजिनीअर कॉलेजात जे शिकतात त्याचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. समोर बसलेले प्राचार्य माना डोलावतात, शाल-श्रीफळ होतं, अल्पोपाहार होतो. आमचा या विधानाला सक्त विरोध आहे. कॉलेजात जे शिकवलं जातं ते आमची पोरं जन्मभर विसरत नाहीत. तिथे नेमकं काय शिकवतात याची तक्रार करणाऱ्यांनी कधी चौकशी केलेली नसते, एवढंच.

आमचा भाचा मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्या रूमवर गेलो. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी टाकलेली, खाली मोबाइलचा टॉर्च, काचेवर सीनिअरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर कोरी शीट, आणि जीभ दातांत धरून भाचा रेघ गिरवतोय. याला ‘जीटी मारणे’ म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सीनिअरनं एका कोपऱ्यात रबर जास्त घासला होता, तिथे यानंही बोटानं थोडा काळा डाग पाडला. मी कारण विचारलं. “मामा, अगदी स्वच्छ शीट दिली की सर विचारतात, कुठून छापलीस?”

शेजारी तिघं जर्नल उतरवत होते. पोलादी सळई यूटीएम या यंत्रावर ताणून तोडायचा प्रयोग. मी विचारलं, “सळई कधी तोडलीत?” तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सळई पूर्वीच तुटलेली आहे म्हणे. कोणत्या तरी जुन्या बॅचनं तोडली, तिचे दोन तुकडे कपाटात आहेत, आणि तिची रीडिंग जर्नलातून जर्नलात वारसाहक्कानं चालत आलेली आहेत. यंत्राला हात लागतो तो फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी ते पुसतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि मग वर्षभर त्याच्यावर निळं कव्हर. उत्तर किती यायला पाहिजे हे पुस्तकात दिलेलं असतं. तिथून उलटं येत येत रीडिंग लिहायची. दोन-तीन रीडिंग किंचित चुकवायची. किती चुकवायची, यातच विद्यार्थ्याची हुशारी कळते.

आता याचा उपयोग पाहा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीनं आपल्या सुरक्षा प्रणालीचं एक अपडेट जगभर सोडलं आणि सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळ, बँका, इस्पितळं, सगळीकडे हाहाकार. आपल्या विमानतळांवर काय झालं? काउंटरवरच्या पोरा-पोरींनी शांतपणे पेन काढलं आणि प्रवाशांना हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. सुवाच्य अक्षरात. हा संस्कार कुठला? ज्यांनी आठ सत्रं दुसऱ्याच्या जर्नलातून रातोरात उतरवून काढलं, त्यांच्या देशाला दीडशे बोर्डिंग पासांचं काय अप्रूप! आणि निळ्या पडद्याची भीती तर आमच्या पोरांना मुळीच नाही. बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये अजूनही टर्बो सी चालतं. विद्यार्थ्यांच्या जन्माआधीचं हे सॉफ्टवेअर उघडलं की पडदा निळाच येतो.

त्या गोंधळाचं कारण नंतर कंपनीनंच जाहीर केलं. नव्या फायलीनं २१वी किंमत मागितली आणि प्रोग्रॅमकडे होत्या २०. तो विसावीच्या पुढे वाचायला गेला आणि कोलमडला. ‘अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर वाचलं तर काय होतं?’ हा फर्स्ट इयरच्या ओरलचा प्रश्न आहे आणि आमच्याकडे त्याचं सर्वमान्य उत्तर ‘सर, एरर येतो’ असं आहे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे आपल्या मान्यताप्राप्त पदव्या अमेरिकेतल्या पदव्यांच्या बरोबरीच्या धरल्या जाऊ लागल्या. तेव्हा काही लोक हसले होते. दहा वर्षांत अमेरिकेनं बरोबरी करून दाखवली.

जीटीचा उपयोगही असाच सार्वजनिक आहे. अंधेरीचा गोखले पूल. २०१८च्या जुलैत त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर पडला, २०२२च्या नोव्हेंबरात पूल बंद झाला, आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आपल्या जागी आहे, गोखले पूल आपल्या जागी आहे, आणि दोघांच्या मध्ये माणसाच्या उंचीएवढी पायरी आहे. रेल्वेच्या नव्या नियमांमुळे गोखले पुलाची उंची वाढली होती. बर्फीवाल्याला ते कोणी कळवलं नाही. आम्हाला यात काहीच नवल वाटलं नाही. दोन पोरांनी दोन वेगवेगळ्या सीनिअरांच्या शीट आणल्या की असंच होतं. जुळतात की नाही हे सबमिशनच्या दिवशीच कळतं. पुढचं काम मात्र झकास झालं, हे सदराची शिस्त मोडून सांगायला हवं. १८८७ सालच्या व्हीजेटीआयला विचारलं गेलं, आणि बर्फीवाला पुलाचा तो तुकडा जॅक लावून एका बाजूनं १,३९७ आणि दुसऱ्या बाजूनं ६५० मिलिमीटर वर उचलून जोडला गेला. म्हणजे विषय येणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना बोलावणं फक्त रिपीटरच्या परीक्षेला जातं.

भोपाळकरांनी जून २०२५ मध्ये आणखी वरचा नंबर काढला. ऐशबागचा १८ कोटींचा रेल्वे उड्डाणपूल थेट काटकोनात वळतो, असे फोटो देशभर फिरले. सात अभियंते निलंबित झाले. प्रकरण हायकोर्टात गेलं, तज्ज्ञानं जाऊन कोन मोजला, आणि तो ११८-११९ अंश निघाला. नव्वदाचे एकशे अठरा! आमच्या विद्यापीठात रिव्हॅलला इतके वाढत नाहीत.

आता परीक्षेचं. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा परीक्षक. त्याला स्टँडवरून आणायचं, चहा, मग नाश्ता, मग टीए बिलाचा फॉर्म, मग काजूकरीचं जेवण, आणि या सगळ्याच्या मधल्या फटीत ओरल. पाच-पाच पोरं एकदम आत. “नाव काय? गाव कुठलं? पुढे काय करायचं ठरवलंय?” एखाद्या तरुण एक्स्टर्नलला चेव येतो आणि तो विषयातलं विचारतो, त्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. सिव्हिलच्या पोरांचा काँक्रीटचा क्यूब तर या पद्धतीचा कळस. पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा ओतायचा, पाण्यात ठेवायचा, आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडायचा, असं शास्त्र. क्यूब सोमवारी ओततात, सबमिशन शुक्रवारी असतं, आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद गुरुवारी रात्री जर्नलात उतरलेली असते. हाच विद्यार्थी पुढे साइटवर जातो आणि ठेकेदार म्हणतो, रिपोर्ट उद्या पाहिजे. तो अजिबात गडबडत नाही. उपयोग होत नाही म्हणता?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. वारा ताशी ४५ किलोमीटर होता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. समुद्रकाठी वारा येतो ही माहिती सिंधुदुर्गातल्या पोरांना बालवाडीच्या आधी असते. पुतळ्याबद्दल थट्टा करवत नाही. वाऱ्याबद्दल इतकंच म्हणतो की हा एकच एक्स्टर्नल असा, ज्याचं काजूकरीवर भागत नाही.

शिक्षकांविषयी बोलायचं तर आमचं तंत्रशिक्षण भौतिकशास्त्राच्याही पुढे गेलेलं आहे. २०२४च्या जुलैत तमिळनाडूत अरप्पोर इयक्कम या संघटनेनं उघडकीला आणलं की अण्णा विद्यापीठाशी संलग्न २२४ कॉलेजांत ३५३ प्राध्यापक एकाच वेळी एकापेक्षा जास्त ठिकाणी पूर्णवेळ नोकरीला आहेत. एक गृहस्थ अकरा कॉलेजांत होते. इलेक्ट्रॉन एकाच वेळी अनेक जागी असतो आणि पाहायला गेलं की एकाच जागी सापडतो, असं फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये शिकवतात. प्राध्यापकाचं उलटं आहे. समिती पाहायला आली की तो सगळीकडे सापडतो, आणि कोणी पाहत नसलं की कुठेच नसतो. केंद्र सरकारनं २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी मंजूर केले. इतक्या पैशांना हात घालण्याआधी एखाद्या स्टाफरूममध्ये डोकावून यायला हवं होतं. जो एकाच ठिकाणी सापडतो तो बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो; त्याला अकरा ठिकाणी जायला पेट्रोल परवडत नाही.

मेकॅनिकलच्या जागा हल्ली भरत नाहीत, म्हणून भाच्याच्या कॉलेजात एआयची नवी शाखा निघाली. थर्मोडायनॅमिक्सचे सर एक आठवड्याचं ऑनलाइन प्रशिक्षण करून आले आणि मशीन लर्निंग शिकवू लागले. मशीन त्यांना येत होतंच, लर्निंग चालू आहे.

गणित-विज्ञान कच्चं आहे म्हणावं, तर तंत्रशिक्षण परिषदेनं २०२१ सालीच तो प्रश्न मुळापासून सोडवायला घेतला होता. बारावीला १४ विषयांच्या यादीतले कोणतेही तीन असले की इंजिनीअरिंगला पात्र. यादीत गणित आणि भौतिकशास्त्र होतं, तसंच शेती, उद्योजकता आणि बिझनेस स्टडीजही होतं. देशभर ओरड झाली, खुलासे निघाले, बहुतेक शाखांसाठी माघार झाली. आम्हाला वाईट वाटलं. ‘इंटिग्रेटेड’ बारावीत पोरगं ज्युनिअर कॉलेजचं तोंड पाहत नाही आणि तरी प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस घेऊन येतं. जी गोष्ट चाललेलीच आहे ती कागदावर आणायचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होता, आणि तोही आपण हाणून पाडला.

कागद मात्र वाढला आहे. हल्ली प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या ‘सीओ’चा, म्हणजे कोर्स आउटकमचा, आणि ब्लूमच्या कितव्या पातळीचा, हे छापलेलं असतं. त्या सीओंची ‘पीओं’शी, म्हणजे प्रोग्रॅम आउटकमशी, सांगड घालून तीनपैकी गुण काढायचे. भाच्याच्या कॉलेजात या कामासाठी एक समन्वयक सर आहेत. शिकवण्याच्या कामातून त्यांना सूट आहे. त्यांनी मला अभिमानानं एक्सेलची शीट दाखवली. एक पीओ नीतिमत्ता, तिला तीनपैकी अडीच. शेवटची पीओ आजीवन शिक्षण. ती एटीकेटीवाल्यांच्या जोरावर पैकीच्या पैकी. २०२५च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी रोकड, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षासह दहा जणांना अटक केली, तेव्हा सर फार हळहळले होते. आमच्याकडे अजून पैठणी आणि देवदर्शनावर चाललंय, म्हणाले. आपण टेक्नॉलॉजीत मागेच.

त्यांच्या भिंतीवर विश्वेश्वरय्यांचा फोटो होता. विषय निघालाच म्हणून मी सांगितलं, हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेजातून १८८३च्या सुमारास बाहेर पडले. १९०३ साली खडकवासल्याला यांनी स्वयंचलित दारं बसवली. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठायचं, आणि पूर ठरावीक पातळीच्या वर गेला की दारं आपली आपण उघडायची. हे तुमच्या फॉर्मात बसवून पाहा ना.

सरांनी खरोखरच नवी शीट उघडली. जिओटॅग केलेले फोटो नाहीत. ठीक आहे, जुनं काम आहे, प्रतिज्ञापत्र चालेल. स्टेकहोल्डरचा फीडबॅक लागेल. नदीकाठच्या सोसायट्यांकडून घेता येईल. मग ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पण दारं आपोआप उघडत होती म्हणता ना? मग त्यात फॅकल्टीचं योगदान काय दाखवायचं?”