दाजींची हत्यारं

संभाजीनगर ते वेरूळ तीस किलोमीटर. एवढ्याशा प्रवासासाठी दाजींनी मोटरसायकलची जी हत्यारं जमवली, ती पाहून गल्लीला वाटलं, पस्तिसावं लेणं कोरायला निघालेत.

दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा, दोन पकडी, प्लग पाना, ॲलन कीचा जुडगा, हातोडी, पंक्चरचं किट आणि एक लांबलचक टॉर्क रेंच. त्याला लावायचं सॉकेट तेवढं नव्हतं. "ऑनलाइन मागवलंय," दाजी म्हणाले. सीटखालची कंपनीची पिशवी मात्र त्यांनी घरी काढून ठेवली. "खेळणी आहेत ती! शेजारी वाळूजला 1985 पासून दुचाक्या बनतायत, अन् आपण असली हत्यारं वापरायची?"

दौलताबादच्या वेशीत एस.टी.ला वाट देऊन पुढे निघालो आणि खुलताबादच्या घाटात चेन उतरली.

दाजींना मनातून आनंदच झाला. त्यांनी रस्त्याकडेला चादर अंथरून सगळी हत्यारं मांडली. दोघांनी थांबून भाव विचारला. पण चेन ताणायची तर आधी मागच्या ॲक्सलचा नट ढिला करावा लागतो, आणि तो नट दाजींच्या सगळ्यात मोठ्या पान्यालाही दाद देईना. त्याच्या मापाचा पाना घरी होता, खेळण्यांत.

शेवटी एक पंक्चरवाला आला. नंबर झिजून गेलेला एकच पाना. त्याच्या दांड्यात त्याने लोखंडी पाइपचा तुकडा अडकवला, वर पाय दिला; कर्रर्र करून नट सुटला. चेन दात्यांवर बसवली, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवून खुणा जुळवल्या. मग बोटाने चेन खालून उचलून पाहिली. "इंचभर हलली पाहिजे. लई ताणली तर तुटंल." जाताना त्याने टॉर्क रेंच उचलला.

"दाजी, यानं काय करता?"

"नट किती घट्ट झाला ते कळतं."

"ते हाताला कळतं की."

(इंजिन उघडायचं असेल तर दाजींचं बरोबर आहे. पण घाटात इंजिन कोण उघडतो?)

वेरूळला फाटकावर पिशवीत हातोडी निघाली. रखवालदार शांतपणे म्हणाला, "काका, इथलं काम झालंय." झालंच होतं! आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, अख्खा डोंगर वरून खाली तासत कैलास मोकळा केला. लाखो टन दगड बाहेर काढला, तोही छिन्नी-हातोड्याने. दहाव्या लेण्यात, म्हणजे 'सुतार की झोपडी'त, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी आहेत. दाजी मान वर करून जोड शोधत राहिले.

"जोड नाहीच दाजी. नट नाही, बोल्ट नाही."

"म्हणून टिकलं," दाजी म्हणाले.

तेव्हा निघताना कंपनीची पिशवी सीटखालीच असू द्या. सोबत क्लच वायर, एक प्लग, पंक्चरचं किट आणि हातभर पाइप घ्या. आणि मंगळवारी निघू नका; त्या दिवशी लेणी बंद असतात.