४१२ ओळींची चाचणी लिहिणाऱ्यास खुले पत्र





तुमचं नाव मला ठाऊक आहे. कोडच्या प्रत्येक ओळीच्या कडेला ते नोंदलेलं आहे. इथे लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांना आहे.

मी धानोरा तालुक्यात, घरून काम करतो. तुम्ही कंपनी सोडलीत आणि धान खरेदीच्या सॉफ्टवेअरची तुमची चाचणी माझ्या गळ्यात पडली. एकच मेथड, ४१२ ओळी. शेतकऱ्याची नोंदणी, सातबारा, ओलावा, वजन, बारदाना, चुकारा, एसएमएस, सगळं एका दावणीला बांधलेलं. तपासण्या ३७ आणि मेथडचं नाव ‘टेस्ट धान’. नाव द्यायचेसुद्धा कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

परवा रात्री नऊला ती लाल झाली, म्हणजे फसली. पडद्यावर एवढंच: ओळ ३१८, ‘खरे अपेक्षित, खोटे मिळाले’. काय खरे? कशाचे खोटे? त्या दिवशी मी वजनाच्या हिशेबाला हात लावला होता, म्हणून तिथेच उकरत बसलो. मध्ये दोनदा लाइट गेली. अडीचला सापडलं. ४६व्या ओळीत तुम्ही नोंदणीची शेवटची तारीख हाताने लिहून ठेवली होती. ती उलटली, शेतकरी बाद ठरला आणि २७२ ओळी खाली त्याचा चुकारा अडला.

खरा घात पुढेच होता. एक तपासणी फसली की मेथड तिथेच थांबते, त्यामुळे उरलेल्या ९४ ओळी चाललेल्याच नव्हत्या. बारदान्याचं वजन वजा होतं की नाही, हे बघणारी तपासणी त्यातच होती. मेथड फोडून ती वेगळी चालवली तर तीही लाल, आणि या वेळी चूक खरंच माझ्या बदलात होती. ‘ही चाचणी नेहमीच कुरकुरते, बंद करून टाक,’ असा सल्ला मला मिळाला होता. तो ऐकला असता तर चुकीच्या वजनाचा चुकारा शेतकऱ्यांच्या खात्यावर गेला असता.

हे सगळं तुम्हाला नवीन नसणार. मार्टिन फाउलर यांचं ‘रिफॅक्टरिंग’ हे पुस्तक १९९९ सालचं. टिप्पणी लिहावीशी वाटली की त्या तुकड्याची वेगळी मेथड करा, हे त्यात सांगून ठेवलंय. तुम्ही तर नऊ ठिकाणी ‘इथून पुढे पैसे’, ‘इथून पुढे वजन’ असं लिहिलंय. सांधे तुम्हाला दिसत होते, तरी तुम्ही तिथे कापलं नाही. एका चाचणीत तपासण्यांची गर्दी झाली की कोणती फसली ते कळत नाही. जेरार्ड मेस्झारोस यांच्या २००७ सालच्या पुस्तकात या दुखण्याला ‘असर्शन रूलेट’ असं नावही आहे.

चाचणी कशी असावी, हे माझ्या तालुक्यात येऊन बघा. इथल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळाचा न्यूमोनिया ओळखायला एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर धोका. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईलाही त्याचं उत्तर कळतं. प्रश्न एक, उत्तर एक, आणि ते हातात घेणाऱ्याचा विचार आधी केलेला.

तुमच्या मेथडच्या मी १९ चाचण्या केल्या. एका वेळी एकच तुकडा काढायचा, लगेच सगळं चालवायचं, मग पुढचा. चाचणीची चाचणी घ्यायला कुणी नसतं, म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर मूळ कोड मुद्दाम बिघडवला आणि चाचणी लाल होते का ते पाहिलं. चाचणीपुरता शेतकरी उभा करण्याची वीस-वीस ओळींची तयारी एका मदतनीस मेथडमध्ये गेली. पण ओलाव्याची १७ टक्क्यांची मर्यादा तिथे लपवली नाही. ज्या आकड्यावर निकाल ठरतो, तो चाचणीतच डोळ्यांसमोर हवा. तारीखही आता प्रत्येक चाचणी स्वतःच ठरवते.

आता एका चाचणीचं नाव आहे: ‘ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की धान नाकारले जाते’. दुसरीचं: ‘बारदान्याचे वजन एकूण वजनातून वजा होते’. लाल झाली तर नाव वाचूनच कुठे बघायचं ते कळतं.

नव्या जागी तुम्ही चाचण्या लिहीतच असाल. त्या कुणाच्या तरी हातात रात्री नऊला पडणार आहेत, आणि त्या माणसाकडे तुमचा फोन नंबर नसेल. माझ्याकडेही नव्हता.

आपला,
त्या ४१२ ओळींचा वारस