बूटवाले कॅप्टन

आमच्या सोसायटीत एक कॅप्टन राहतात. उभी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरमागे झाली, खऱ्या विमानात बसले असतील पाच-सहा वेळा. पण वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीतले पापडाचे डबे माळ्यावर टाकले आणि तिथे संगणकावर विमान उडवायला तीन मॉनिटर, योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आणि रडर पेडल मांडले. सिम्युलेटरसाठी अधूनमधून एखादं अ‍ॅड-ऑन विमान विकत घेतात. काकूंनी विचारलं तर "अपडेट आलंय" एवढंच सांगतात.

जेट त्यांना पटत नाही. "जेट काय, पटकन ढगांच्या वर जाऊन बसतं. ढगात राबावं लागतं ते आमच्या प्रोपेलरवाल्या एटीआरला." त्यामुळे भर मे महिन्यात, पंखा गरम वारा ढकलत असताना, गंजिफ्रॉकातले कॅप्टन कपाळाचा घाम पुसत ओरडतात, "बर्फ धरला! बूट चालू!"

काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चपलांच्या स्टँडकडे पाहिलं होतं. बूट म्हणजे विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवरचं काळं रबर. त्यात हवा भरली की ते फुगतं आणि वर साचलेला बर्फ तडकून उडतो. प्रोपेलरच्या पात्यांना मात्र विजेची ऊब. पूर्वी वैमानिकांना शिकवायचे, बर्फाचा थर जरा जाड होऊ द्या, मगच बूट फुगवा. आता सांगतात, दिसला रे दिसला की चालू करा. कॅप्टननी हे इतकं मनावर घेतलंय की "वाट बघायची नाही" हे त्यांचं घरातलंही ब्रीद झालं. फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ दिसला की रात्री अकरालाही मटार बाहेर. सुरीने खरवडायला मात्र सक्त मनाई.

एकदा आम्ही दोघं खरोखरच्या एटीआरने हैदराबादला चाललो होतो. श्रावणातले ढग. बाकीचे बहुतेक झोपलेले, कॅप्टन खिडकीला नाक लावून. मी म्हटलं, "अहो, पुण्याहून निघालोय, बर्फ कुठला?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपल्याकडे पावसाळ्यातसुद्धा सोळा-सतरा हजार फुटांवर शून्य अंश असतं. ढग आणि थंडी, दोन्ही भेटली की झालं." मग शेजारच्या आजींना पंखाचं काळं रबर दाखवून म्हणाले, "बूट छान आहेत हं." आजींनी पाय आत घेतले.

बर्फ वाईट, पण प्रत्येक खून बर्फाच्या नावावर टाकलेला त्यांना खपत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ क्यू ४०० विमान पडलं, ५० माणसं गेली, तो विषय निघाला की ते चहाचा कप खाली ठेवतात. "बर्फ होता. पण वेग उतरला आणि योक थरथरून सांगत होता, तेव्हा नाक खाली करायचं, तर त्या वैमानिकाने योक मागे ओढला." हे सांगताना हात आपोआप पुढे ढकलतात, एकदा माझा कप त्यात लवंडला.

३१ ऑक्टोबरला मात्र ते फारसं बोलत नाहीत. १९९४ मध्ये त्या दिवशी इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं एटीआर ७२ दहा हजार फुटांवर ढगात घिरट्या घालत थांबलं होतं. गोठणाऱ्या थेंबांचा बर्फ बुटांच्या मागे साचला, जिथे बूट पोचतच नव्हते. ऑटोपायलट घरातल्या सोशिक माणसासारखा गुपचूप सावरत राहिला आणि एकाएकी त्याने हात सोडले. विमान रोझलॉन गावाजवळच्या शेतात कोसळलं, ६८ जण गेले. त्यानंतर एटीआरचे बूट मागेपर्यंत वाढवले.

दर वर्षी त्या रात्री कॅप्टन तोच मार्ग पडद्यावर उडवतात. गेल्या खेपेला मी शेजारी स्टुलावर होतो. ऑटोपायलट बंद, बूट चालू, डोळे बाजूच्या काचेवर. काचेवर बर्फाची रेघ उमटली मात्र, त्यांनी नाक खाली घेतलं आणि विमान उबदार हवेकडे वळवलं.

काकू दारात आल्या. "पोचलात का शिकागोला?"

"नाही. परत फिरवलं."

"बरं केलंत. चहा कधीचा ठेवलाय, साय धरली त्यावर."

कॅप्टननी कपात वाकून पाहिलं. "किती वेळ झाला?"