रंगवलेल्या कोब्यावर टाइल बसविण्यापूर्वी गृहस्थाने पाळावयाचे नियम

ज्या कोब्यावर, म्हणजे सिमेंट-काँक्रीट घोटून केलेल्या साध्या जमिनीवर, गृहस्थाने पूर्वी हौसेने तांबडा ऑइलपेंट मारलेला असतो, त्याच कोब्यावर टाइल बसविण्याची इच्छा त्याला साधारणतः दिवाळी तीन आठवड्यांवर आली असता होते. ‘गृहस्थ’ या संज्ञेने येथे अशी व्यक्ती अभिप्रेत आहे, जी टाइलचा रंग ठरविण्यासाठी सहकुटुंब चार दुकाने पालथी घालते, परंतु टाइलखाली काय करावयाचे हा विषय निघताच “ते कुणाला दिसणार आहे?” असे विचारते. पुढील नियम मुख्यतः या प्रश्नाचे उत्तर म्हणून रचले आहेत.

नियम १. रंग कितपत धरून आहे, हे पाहावे. टाइल चिकटविण्याचे ॲडहेसिव्ह, म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर यांचे पोत्यात मिळणारे मिश्रण, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून घट्ट होते. मध्ये रंगाचा थर असला तर ते काँक्रीटला न धरता रंगाला धरते आणि महागड्या टाइलचे भवितव्य स्वस्त ऑइलपेंटच्या मर्जीवर राहते. म्हणून कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब काही मिनिटांत जिरले तर छिद्रे उघडी आहेत, फुगून तसेच बसले तर बंद आहेत. त्यानंतर ब्लेडने आडव्याउभ्या चिरा पाडून त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर निघालेल्या पापुद्र्याची कड नीट पाहिल्यास घराचा इतिहास हाती येतो: वर तांबडा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा तांबडा, आणि मध्ये कुठेतरी रोज रांगोळी घालण्याचे कष्ट वाचावेत म्हणून पांढऱ्या रंगाने कायमची काढून घेतलेली कमळे. हिरवा थर बहुधा थोरल्या मुलीच्या लग्नाचा असतो. परीक्षक येथे थोडा वेळ रेंगाळला तरी शास्त्राची हरकत नाही.

नियम २. मिस्त्रीच्या आश्वासनाचा अर्थ समजून घ्यावा. “काही होत नाही काका, टाचे मारतो आणि बसवून टाकतो,” हे वाक्य या क्षेत्रात मंगलाष्टकांइतके निश्चित आहे. टाचे म्हणजे छन्नी-हातोड्याने पाडलेले लहान खड्डे. ते दाट आणि सर्वत्र असतील तर उपयोगी पडतात, परंतु वीत-वीत अंतरावर मारलेल्या टाच्यांमुळे मधला सारा रंग शाबूत राहतो, आणि टाइल तेवढ्या खड्ड्यांपुरतीच धरते. त्यात टाइल व्हिट्रिफाइड असली, म्हणजे तिची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्याहून अधिक नसली, तर नुसत्या सिमेंटच्या पेस्टला तिच्या पाठीवर पकड मिळत नाही, म्हणून पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्हच वापरावे लागते. ‘काही होत नाही’ याचा काटेकोर अर्थ ‘हिशेब चुकता होईपर्यंत काही होत नाही’ असा आहे. त्यानंतर टाइलवर नाणे आपटले असता पोकळ आवाज येतो, आणि मिस्त्रीचा फोन लागत नाही.

नियम ३. रंग काढावा, बुजवू नये, झाकू नये, विसरू नये. संडास धुण्याचे ॲसिड ओतल्याने रंग निघतो, असा समज फार पसरलेला आहे. ॲसिड सिमेंटवर क्रिया करते, ऑइलपेंट मात्र त्याला दाद देत नाही. पदरी पडतो तो खोकला. पेंट रिमूव्हरने रंग मऊ होऊन खरवडता येतो, परंतु त्याचा तेलकट-मेणचट अंश मागे राहिला तर तोही पकडीच्या आड येतो. खात्रीचा मार्ग म्हणजे ग्राइंडरला डायमंडचे कप व्हील लावून काँक्रीटचा मूळ करडा, खरखरीत पृष्ठभाग दिसेपर्यंत घासणे. या घासण्यातून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, जी वर्षानुवर्षे छातीत गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. शिवाय घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा थर शिसेयुक्त असू शकतो, असे धरूनच चालावे. यास्तव धूळ ओढणारा व्हॅक्यूम ग्राइंडरला जोडलेला असावा, मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवावे, आणि कोरडी झाडू मारू नये. गृहस्थ स्वतः नाकाला रुमाल लावून फाटकापाशी उभा राहतो आणि ग्राइंडर धरलेल्या पोराला मास्क द्यावयाचा त्याला सुचत नाही, हे अनेक घरी पाहावयास मिळते. चांगला मास्क काही टाइलहून महाग नसतो हो!

नियम ४. देखरेखीसाठी खुर्ची टाकून बसू नये.

नियम ५. ओल तपासावी. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास तसाच ठेवावा. खालून दव धरले किंवा कोबा काळपट पडला तर जमिनीतून ओल वर येत आहे, असे समजावे आणि तिचे कारण आधी शोधावे. घरातील प्रत्येक सदस्य येताजाता कोपरा उचलून “आलं का काही?” असे पाहत असल्याने ही परीक्षा सहसा पुन्हा करावी लागते.

नियम ६. पातळी आणि ढाळ यांची गल्लत करू नये. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कोब्यावर सर्व दिशांनी फिरवावी. तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली तर तो खळगा दुरुस्तीच्या मालाने आधीच भरून वाळू द्यावा, कारण ॲडहेसिव्हचा जाड थर देऊन खळगा भरल्यास तो वाळताना आकसतो आणि टाइल खाली बसते. ओटा किंवा पडवी असल्यास पाणी बाहेर जाण्यासाठी मीटरमागे सुमारे एक सेंटिमीटर ढाळ असावा. अन्यथा पहिल्याच पावसात पाणी उंबऱ्याशी येऊन उभे राहते. टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून जमीन दीड सेंटिमीटरपर्यंत उचलली जाते, हे लक्षात घेऊन दार आधी तासून घ्यावे. दार अडल्यावर सुताराला बोलाविण्याची प्रथा प्राचीन असली तरी अनुकरणीय नाही.

नियम ७. तडा टाइलने झाकला जातो, मिटत नाही. काही दिवसांनी तो टाइलमधून वर येतो.

नियम ८. घासलेला कोबा व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने धूळरहित करून पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी. थेंब जिरला तरच ॲडहेसिव्हचे पोते फोडावे.

या सर्व नियमांस एक अपवाद आहे. थर धरून असेल, ओल नसेल आणि रंग नुसता फिका पडला असेल, तर तो कोबा तसाच ठेवून त्यावर आणखी एक हात मारावा, असे सुचविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.  टाइल बसवावयाचीच असेल, तर मात्र दुकानात दोन रुपये कमी दराची टाइल पसंत करावी, वाचलेली रक्कम कोबा खरवडणाऱ्यास द्यावी, आणि त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नये.