तारेवरची हौस

सर्किटच्या आकृतीत प्रत्येकाला काही ना काही किंमत असते. रेझिस्टरशेजारी ४७ के लिहिलेलं असतं, कपॅसिटरशेजारी २२०० मायक्रोफॅरड, आयसीच्या पोटात त्याचा नंबर. दुकानात चिठ्ठी पुढे केली की काम झालं. आपलं मत कुणी विचारत नाही. फक्त या साऱ्यांना जोडणाऱ्या ज्या रेघा असतात, त्यांच्याशेजारी काहीच लिहिलेलं नसतं. ही रेघ म्हणजे वायर. ती किती जाड, कसली, कुठल्या रंगाची, याबद्दल आकृती काढणारा गप्प असतो. घरी ॲम्प्लिफायर जुळवणाऱ्या हौशी माणसाला एवढं एकच स्वातंत्र्य मिळतं आणि तो ते मनसोक्त उपभोगतो. आयसी पाच मिनिटांत ठरतो. वायर ठरायला आठवडे जातात.

पुण्यात हे आठवडे घालवायची उत्तम सोय बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आहे. तिथल्या दुकानदाराला मात्र आपल्या स्वातंत्र्याचं काडीचंही कौतुक नसतं.

“कशाला पाहिजे?”

“ॲम्प्लिफायर करतोय.”

“चौदा छत्तीस न्या. किती मीटर?”

चौदा छत्तीस म्हणजे छत्तीस गेजच्या चौदा बारीक तारा एकत्र वळून त्यावर पीव्हीसीचं आवरण चढवलेली वायर. तिचीच धाकटी बहीण सात छत्तीस, थोरल्या तेवीस छत्तीस आणि चाळीस छत्तीस. हे छत्तीस गेज इंग्रजांच्या मापातलं, १८८४ साली त्यांनी कायद्याने लागू केलेलं. तार भरते ०.१९३ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढत जातो तसतशी तार बारीक होत जाते, कारण पूर्वी तार एकेका लहान भोकातून ओढून बारीक करत आणि जितक्यांदा ओढली तितका तिचा नंबर. अमेरिकेचं गेज निराळं आहे, त्यामुळे परदेशी पुस्तकात ‘२२ गेज’ वाचून आलेला माणूस इथे बावीस गेज मागतो आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

“ऑडिओसाठी काही खास...?” मी एकदा चाचरत विचारलं.

“आहे की. लाल, काळी, पिवळी, हिरवी.”

या उत्तरावर तिथेच थांबलो असतो तर बराच पैसा वाचला असता, पण आमच्या सोसायटीत एक कानसेन राहतात. त्यांच्या मते तांब्याची वायर आवाजाला ऊब देते आणि चांदीची वायर झळाळी. गाणं कुणाचं आहे यापेक्षा ते कशातून आलं, याची त्यांना जास्त चौकशी. त्यांच्याकडच्या वायरींवर बाण छापलेले आहेत. संगीत त्या बाणाच्या दिशेनेच वाहिलं पाहिजे म्हणे. आता गायकाने २४० हर्ट्झचा सा लावला, तर वायरमधला प्रवाह सेकंदाला ४८० वेळा उलटसुलट होतो. पुण्यात वन-वेची पाटी वाचून जेवढे दुचाकीस्वार माघारी वळतात, तेवढेच इलेक्ट्रॉन हा बाण पाळत असावेत. पण हे कानसेनांना सांगण्यात अर्थ नाही. ते डोळे मिटून घेतात आणि आपण बेसूर बोललो असं आपल्यालाच वाटायला लागतं.

हिशेब खरं तर पोरखेळाचा आहे. ॲम्प्लिफायरच्या डब्यात सर्किटपासून स्पीकरच्या सॉकेटपर्यंत वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर चौदा छत्तीस लागते. तिचा रोध एका ओहमच्या हजार भागांपैकी आठ-नऊ भाग. चांदी तांब्यापेक्षा सरस, पण जेमतेम सहा टक्क्यांनी; म्हणजे बचत हजारातल्या अर्ध्या भागाची. पुढे आठ ओहमचा स्पीकर बसलेला असतो, आणि त्याच्या पोटात केसासारख्या तारेची कितीतरी मीटर लांब कॉइल, तीही बहुधा साध्या तांब्याचीच. सोनं तर या शर्यतीत तांब्याच्याही मागे आहे. गंमत म्हणजे कानसेन ज्या ऑप-ॲम्प आयसीची तारीफ करतात, त्याच्या काळ्या कवचाच्या आत चिप आणि पाय यांना जोडणारी तार साधारण २५ मायक्रॉनची असते, केसाहूनही बारीक. सगळ्या सुरावटी त्या फटीतून अंग चोरून निघतात आणि बाहेर येऊन आमच्या राजमार्गावर ऐसपैस चालतात.

तरीही मी टेफ्लॉनच्या आवरणाची वायर आणलीच. टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हातून शीतकरणाच्या वायूवर काम करताना अपघाताने सापडलं. त्याच्या वायरीतल्या तांब्यावर चांदीचा मुलामा असतो, आणि त्या मुलाम्यापायीच कानसेन ती दिव्य मानतात. चांदी तिथे आवाजासाठी नसतेच. टेफ्लॉन चढवताना इतकी उष्णता द्यावी लागते की एरवीचा कथलाचा मुलामा टिकत नाही. कथील २३२ अंशांवर वितळतं. म्हणून चांदी. हे वाचल्यावर मला चांदीबद्दल आदर वाटला. गाण्यातलं काही कळत नसताना इतकी वर्षं वाहवा घेत राहणं सोपं नाही.

टेफ्लॉनचा खरा गुण सोल्डरिंग करताना कळतो. पीव्हीसीच्या वायरीला तापलेली इस्त्री, म्हणजे आमचं सोल्डरिंग आयर्न, नुसतं दाखवलं तरी तिचं आवरण लाजून मागे सरकतं आणि दोन सेंटिमीटर तांबं उघडं पडतं. टेफ्लॉन ढिम्म हलत नाही. हलत नाही म्हणजे सोलतानाही हलत नाही, आणि इथे आमच्या परंपरेची पंचाईत होते. कारण भारतीय हौशी कारागीर वायर दातांनी सोलतो. घरात वायर स्ट्रिपर असतो, तो खोक्यात तेलपाणी करून ठेवलेला असतो, पण एका हातात आयर्न, दुसऱ्यात सोल्डर असताना उरतात ते दातच. समोरच्या दोन दातांत वायर धरायची, हलकेच चावायची, मान मागे झटकायची. पीव्हीसी टोपीसारखं निघून येतं. मग ते थुंकायचं.

आमच्या दंतवैद्य बाईंनी एकदा भिंगातून बराच वेळ बघून विचारलं, “काका, शिवणकाम करता का तुम्ही?”

दोरा तोडून तोडून शिंप्यांच्या दातांना खाच पडते म्हणे. मी “थोडंफार” म्हणालो. ॲम्प्लिफायरबद्दल सांगायचं तर जबडा मिटावा लागला असता.

हे सगळं होऊन डबा सुरू केला की स्पीकरमधून जे पहिलं ऐकू येतं ते संगीत नसतं, गुरगुर असते. वीज कंपनी आपल्याकडे अहोरात्र ५० हर्ट्झचा खर्ज लावून बसलेली आहे. त्यात रेक्टिफायर १०० हर्ट्झचं, म्हणजे वरच्या सप्तकातलं, आपलं गुणगुणणं मिसळतो. इथे वायर काय भावाची आहे याला शून्य महत्त्व, ती कुठून जाते याला सगळं. व्हॉल्यूमच्या बटणाकडे जाणारी नाजूक वायर ट्रान्सफॉर्मरला खेटून नेली की खर्ज लागलाच. ती लांबून फिरवा, शिल्डेड घ्या, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंडला जोडा. सगळे ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. आणि प्रवाह नेणारी व परत आणणारी वायर एकमेकींना पीळ घालून ठेवा, म्हणजे एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडून काढते. एवढ्यासाठी एक पैसा लागत नाही, त्यामुळे यावर कुणी वाद घालत नाही.

पीळ घालायला ड्रिल मशीन लागतं. दोन वायरींची टोकं ड्रिलच्या जबड्यात आणि उरलेली दोन बायकोच्या हातात.

“अहो, किती वेळ धरायचं?”

“घट्ट धर. सोडू नकोस. इंचाला तीन वेढे हवेत.”

“तीन कोण मोजणार आहे?”

प्रश्न बिनतोड होता. मी ड्रिल सुरू केलं. पीळ उत्तम बसला, फक्त शेवटी तिची एक बांगडीही त्यात आली.

रंगांची शिस्त मात्र मी रविवारी रात्री दहापर्यंतच मानतो. धनाला लाल, ग्राउंडला काळी, इनपुटला पांढरी, असा नेम असतो. दहा वाजता लाल संपते, दुकान बंद झालेलं असतं, मग जी हाताला लागेल ती. अपवाद एकच. मेन्सच्या कॉर्डमधून धातूच्या डब्याच्या पत्र्याला जाणारी वायर हिरवीच, जाड आणि स्क्रूखाली वॉशर घालून आवळलेली. पत्र्यात कधी चुकून वीज आली तर ती हिच्यातून जाते, आपल्यातून नाही. तिथे मी कानसेनांचं, दुकानदाराचं, कुणाचंच ऐकत नाही.

टेफ्लॉनची वायर पुष्कळ उरली. दिवाळीत बायकोने तिचाच एक तुकडा घेऊन आकाशकंदील गॅलरीच्या गजाला बांधला. उन्हापावसात सुतळी कुजते, ही कुजत नाही, हे तिने न वाचता ओळखलं होतं. फराळाला आलेले कानसेन गॅलरीत जाऊन चिवड्याची वाटी हातात धरून बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग आत येऊन माझ्या कानाशी लागून म्हणाले, “टेफ्लॉन ना ती? उलट्या दिशेने बांधलीये.”